लाइट गेली की पट्ट्या दोन: आयथ्री आणि पॉलीबारचं जुनं दुखणं

गुरुवार, सकाळचे साडेदहा. आमच्याकडे देखभालीसाठी लाइट जायचा वार तोच. इन्व्हर्टरवर पंखा, राउटर आणि एक ट्यूब एवढंच आहे. टेबलावरचा चोवीस इंची मॉनिटर नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, मॉनिटर काळा पडतो. चार-पाच सेकंदांनी लाइट येते, परत जाते, परत येते. हा लपंडाव संपेपर्यंत लॅपटॉपच्या पडद्यावर वरच्या कडेला एकाखाली एक दोन पट्ट्या बसलेल्या असतात. (लिनक्सवर विंडो मांडायला मी आयथ्री हा विंडो मॅनेजर वापरतो, आणि वेळ-बॅटरी दाखवणारी ही पट्टी पॉलीबार नावाच्या प्रोग्रॅमची.) दोन्हींवर तीच वेळ, तीच बॅटरी, तेच वर्कस्पेसचे, म्हणजे आभासी डेस्कटॉपचे, आकडे. कधी उलटं होतं: मॉनिटर उजळतो, विंडो आपापल्या जागी जातात, पण पट्टी कुठेच नाही.

वर्षभर मी यावर एकच औषध केलं. मॉड (आयथ्रीसाठी नेमलेली कळ, विंडोज किंवा ऑल्ट), शिफ्ट आणि आर, म्हणजे आयथ्री रीस्टार्ट. बऱ्याचदा गुण यायचा. कधी दोनाच्या तीन पट्ट्या व्हायच्या. मग चिडून टर्मिनलात सगळे पॉलीबार मारायचे आणि एक हाताने चालू करायचा. दुखणं दर आठवड्याला येत होतं आणि मी दर आठवड्याला क्रोसिन देत होतो. शेवटी एका गुरुवारी लाइट नसल्यामुळे दुसरं काम होईना, तेव्हा मुळाशी गेलो. ज्यांच्याकडे असंच होतं त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. (कमांडची आणि सेटिंगची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये आणलेल्या आयथ्रीत आता विंडो मॅनेजर वेगळा आणि पट्टी वेगळी अशी रचना आहे. सोबत येणारा आयथ्रीबार हासुद्धा वेगळा प्रोग्रॅम आहे, फक्त त्याला उठवायचं आणि बसवायचं काम आयथ्री स्वतः करतो. पॉलीबार तर पूर्ण परका. आयथ्रीने त्याला एकदा चालू केलं की संबंध संपला. तो जगला, मेला, दोनदा जन्मला, आयथ्रीला काही सोयरसुतक नाही. म्हणून 'आयथ्रीने पट्टी दोनदा दाखवली' असं म्हणून शोधायला लागलात तर चुकीच्या घराची बेल वाजवाल.

मोजा, आणि प्रत्येकाला नाव विचारा

दोन पट्ट्या दिसल्या की लगेच काही मारू नका, पुरावा जाईल. 'पीग्रेप -एक्स पॉलीबार' चालवा, चालू प्रोसेसचे नंबर मिळतील. मग प्रत्येक नंबरासाठी 'प्रॉक' डिरेक्टरीतली त्या नंबरखालची 'एनव्हायरॉन' फाइल वाचा. प्रोसेस सुरू होताना तिला जी एनव्हायर्नमेंट, म्हणजे व्हेरिएबलची यादी, मिळाली ती सगळी त्यात असते. मधे नवी ओळ नसते, नल अक्षर असतं, म्हणून 'टीआर' लावून नलच्या जागी नवी ओळ घाला आणि 'ग्रेप' करून 'मॉनिटर' हे व्हेरिएबल शोधा. बहुतेक लोक प्रत्येक पडद्याला एक याप्रमाणे लूपमध्ये पॉलीबार उठवतात आणि पडद्याचं नाव याच व्हेरिएबलमधून देतात, त्यामुळे कुठली पट्टी कोणासाठी जन्मली होती ते इथे उघड होतं.

त्या गुरुवारी मला पहिल्या प्रोसेसमध्ये 'ईडीपी-१' मिळालं, म्हणजे लॅपटॉपचा पडदा. दुसरीत 'डीपी-२-१', म्हणजे डॉकमधून (लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणाऱ्या डब्यातून) जोडलेला मॉनिटर, जो त्या क्षणी बंद होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन पट्ट्या, पण या वेळी दोन्हींत 'ईडीपी-१'.

इथे माझी ट्यूब पेटली. (इन्व्हर्टरवर असल्यामुळे.) लक्षण एक, आजार दोन होते. म्हणूनच एक उपाय कधी लागू पडायचा आणि कधी नाही.

नावं वेगळी असतील तर: पोरकी पट्टी

मॉनिटर बंद झाला की आयथ्री तो आउटपुट (आयथ्रीच्या भाषेत पडदा) काढून टाकतो आणि त्यावरचे वर्कस्पेस उरलेल्या पडद्यावर आणतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पट्टी ही आयथ्रीच्या दृष्टीने डॉक प्रकारची, म्हणजे कडेला चिकटून राहणारी, विंडो आहे (वरच्या डब्याशी संबंध नाही), आणि गेलेल्या आउटपुटवरच्या डॉक विंडोही तो टाकून देत नाही, पहिल्या उरलेल्या आउटपुटवर नेऊन ठेवतो. घर पडलं म्हणून भावाच्या घरी राहायला आल्यासारखं. पॉलीबार जिवंतच आहे, त्याला कोणी जा म्हटलेलं नाही. म्हणून लॅपटॉपवर आधीची एक आणि ही पाहुणी, अशा दोन.

यात कोणाची चूक नाही. पडदे बदलले की जुन्या पट्ट्या बंद करून नव्या यादीप्रमाणे उठवायच्या हे काम आपलं आहे. मी ते करतच होतो, ऑटोरँडआर वापरून. मॉनिटर जोडला किंवा काढला की तो ओळखीची मांडणी लावतो आणि नंतर 'पोस्टस्विच' नावाची तुमची स्क्रिप्ट चालवतो. माझ्या पोस्टस्विचमध्ये पॉलीबार उठवायची ओळ होती. मग पाहुणी का राहिली? कारण लाइटच्या लपंडावात आधीची पट्टी मरायच्या आतच पुढची गडबड सुरू व्हायची. म्हणजे दुसरा आजार.

नावं सारखी असतील तर: दारं मोजा

पॉलीबार उठवणारी प्रत्येक जागा म्हणजे एक दार. कागद घेऊन माझ्याकडची मोजली.

आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये 'एक्झेक_ऑलवेज' ची ओळ होती. साधा 'एक्झेक' फक्त लॉगिनच्या वेळी चालतो, हा प्रत्येक रीस्टार्टला चालतो. आयथ्री रीस्टार्ट होतो तेव्हा आधी उठवलेले प्रोग्रॅम मरत नाहीत, तुमचा ब्राउझर मरत नाही तसाच पॉलीबारही मरत नाही. म्हणजे या ओळीमागची स्क्रिप्ट जुन्याला मारत नसेल तर दर रीस्टार्टला एक पट्टी वाढणार. बहुतेक नवख्यांचं दुखणं इतकंच असतं. (नुसतं 'रीलोड', म्हणजे शिफ्ट आणि सी, केलं तर आयथ्रीत ही ओळ चालत नाही. स्वे, म्हणजे वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवरचा आयथ्रीसारखा विंडो मॅनेजर, त्यावर आलात तर तिथे रीस्टार्टच नाही, आणि 'एक्झेक_ऑलवेज' रीलोडला चालतो. कॉन्फिग जशीच्या तशी उचलून नेणारे इथे हमखास फसतात.)

दुसरं दार ऑटोरँडआरचं पोस्टस्विच. तिसरं पॉलीबारच्याच कॉन्फिगमध्ये, 'स्क्रीनचेंज-रीलोड' हे सेटिंग मी कधीतरी कोणाच्या तरी कॉन्फिगमधून उचललं होतं आणि विसरून गेलो होतो. ते चालू असेल तर पडद्यांची मांडणी बदलली की पॉलीबार स्वतःच स्वतःला पुन्हा सुरू करतो, त्याच जुन्या एनव्हायर्नमेंटसह. ज्या मॉनिटरचं नाव घेऊन तो जन्मला तो मॉनिटर आता नसेल, तर 'सापडला नाही किंवा जोडलेला नाही' अशी तक्रार करून बंद पडतो. पट्टी गायब होण्यामागचं एक कारण हेच निघालं.

चौथं दार माझ्याकडे नव्हतं, पण मित्राकडे होतं. आयथ्री पहिल्यांदा चालू केल्यावर जी तयार कॉन्फिग मिळते तिच्या तळाशी 'बार' चा एक छोटा ब्लॉक असतो. तो काढायचा राहून गेला तर आयथ्रीबार आणि पॉलीबार दोघंही नांदतात. मित्र म्हणायचा, 'मी तो कधीच काढला रे!' काढला होता, पण दुसऱ्याच फाइलमधून. त्याच्या होम डिरेक्टरीत जुनी '.आयथ्री' आणि नवी '.कॉन्फिग' मधली, अशा दोन्ही जागी फाइल होती. अशा वेळी 'आयथ्री --मोअरव्हर्जन' चालवा. चालू असलेल्या आयथ्रीने कोणती फाइल वाचली आहे ते तो पूर्ण पत्त्यासह सांगतो. वाद मिटतो.

आता खरी गोम. माझ्या दोन्ही दारांमागची स्क्रिप्ट एकच होती आणि ती जुन्याला व्यवस्थित मारायची. 'किलऑल', मग 'पीग्रेप' ने एकही शिल्लक नाही ना हे बघत थांबायचं, मग नवे उठवायचे. कागदावर निर्दोष. पण डॉकमधून मॉनिटर गेला-आला की कर्नलकडून एकच निरोप येत नाही, पाठोपाठ दोन-तीन येतात. ऑटोरँडआर एकाहून जास्त वेळा धावला की स्क्रिप्टही तितक्या वेळा चालते. पहिली प्रत जुन्या पट्ट्या मारून वाट बघत उभी आहे. दुसरी येते, त्याच मरू घातलेल्या पट्ट्यांना पुन्हा मारते, तीही वाट बघत उभी. शेवटची जुनी पट्टी मेली की दोघींना एकाच क्षणी दिसतं, मैदान मोकळं आहे. दोघीही पट्ट्या उठवतात. एकाच बाथरूमबाहेर दोघं उभे आणि आतला बाहेर पडताच दोघंही आत शिरले, असा प्रकार. आणि दोघींचं काही क्षणांनी मागेपुढे झालं तर दुसरी पहिलीने नुकत्याच उठवलेल्या पट्ट्या मारते, कधी सगळ्या, कधी अर्ध्या.

स्वतःचाच गळा धरणारी स्क्रिप्ट

पुढे जाण्याआधी एक आडवाट, कारण हे मी दोन जणांकडे पाहिलं आहे. स्क्रिप्टचं नाव तुम्ही 'पॉलीबार.एसएच' ठेवलंत आणि आत 'पीकिल पॉलीबार' लिहिलंत, तर 'पीकिल' नावात तो शब्द असलेली प्रत्येक प्रोसेस मारतो. स्क्रिप्ट थेट चालवली की तिच्या प्रोसेसचं नाव फाइलचंच असतं. म्हणजे स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत आत्महत्या करते आणि पट्टी कधीच उठत नाही. 'पीकिल' ऐवजी 'किलऑल' असेल तर ती वाचते, कारण तो पूर्ण नाव जुळवतो. पण पुढे वाट बघण्याच्या लूपमध्ये 'पीग्रेप' ला 'एक्स' दिला नसेल तर तिथे ती स्वतःलाच बघत अनंतकाळ थांबते. पूर्ण नाव जुळवणारा 'एक्स' दोन्हीकडे द्या, आणि स्क्रिप्टला 'लाँच' असं काहीतरी नाव द्या. अगदी कमीत कमी पॅकेजची सिस्टम असेल तर 'किलऑल' आहे ना तेही बघा, तो 'पीएसमिस्क' पॅकेजमधून येतो. नसेल तर 'कमांड सापडली नाही' हा निरोप कोणाच्याही नजरेला पडत नाही.

कुलूप, आणि कुलपानेच केलेला घोळ

दोघींना एकाच वेळी आत येऊ द्यायचं नसेल तर कुलूप हवं. लिनक्सवर त्यासाठी 'फ्लॉक' आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला मिळणारा नंबर) ९ वर उघडायची आणि 'फ्लॉक ९' म्हणायचं. पहिली प्रत कुलूप घेते, दुसरी रांगेत थांबते. स्क्रिप्ट संपली की डिस्क्रिप्टर बंद होतो, कुलूप आपोआप सुटतं. फाइल 'एक्सडीजी_रनटाइम_डिर' मध्ये ठेवा, लॉगआउट केल्यावर तिचा मागमूस राहत नाही.

'कोणी आत असेल तर सरळ परत जा' असाही पर्याय 'फ्लॉक' मध्ये आहे आणि तो मोहात पाडतो. नको. तीन निरोपांपैकी शेवटचाच खरी परिस्थिती सांगणारा असतो. तो परत गेला तर पट्ट्या मधल्याच कुठल्या तरी अवस्थेप्रमाणे उठतात.

कुलूप लावलं, आयथ्री रीस्टार्ट केला. पट्ट्या आल्या. पुन्हा रीस्टार्ट केला. पट्ट्या जुन्याच, काही हललं नाही. कॉन्फिगमध्ये रंग बदलून पाहिला, तोही येईना. प्रोसेसची यादी काढली तर माझ्या लाँच स्क्रिप्टच्या सहा प्रती रांगेत उभ्या, रेशनच्या दुकानासमोर असतात तशा. कुलूप कोणाकडे आहे? कुलपाच्या फाइलवर 'फ्यूजर -व्ही' चालवलं. उत्तर आलं: पॉलीबार.

झालं होतं असं. शेलमधून उठवलेल्या प्रोग्रॅमला आईबापांचे उघडे डिस्क्रिप्टर वारशाने मिळतात. पॉलीबारला ९ नंबरही मिळाला, आणि त्यासोबत कुलूप. स्क्रिप्ट संपली तरी कुलूप पॉलीबारच्या खिशात. पुढची स्क्रिप्ट कुलूप मिळेपर्यंत पॉलीबारला मारणार नाही, आणि पॉलीबार मरेपर्यंत कुलूप सुटणार नाही.

उपाय सोपा: पॉलीबार उठवणाऱ्या ओळीतच त्याच्यापुरता ९ बंद करायचा. त्या ओळीला ९, मोठेपणाचं चिन्ह, अँपरसँड आणि वजा, सगळं जोडून लिहायचं. मी लिहिलं. पुन्हा तेच! परत 'फ्यूजर'. आता पॉलीबार नव्हता, 'टी' होता. लॉग फाइलमध्ये जावा आणि पडद्यावरही दिसावा म्हणून मी पॉलीबारचं आउटपुट पाइपने 'टी' ला दिलं होतं. पाइपच्या पलीकडच्या त्या बापड्यालाही ९ चा वारसा मिळाला होता. पडद्यावर बघायला तिथे कोणी नसतंच, म्हणून पाइप काढला आणि आउटपुट सरळ फाइलमध्ये वळवलं. तिथून पुढे शांतता.

आता स्क्रिप्ट काय करते

क्रमाने सांगतो. आधी कुलूप, जास्तीत जास्त दहा सेकंद वाट बघायची तयारी ठेवून ('फ्लॉक' चा 'डब्ल्यू' पर्याय). मग जुन्या पॉलीबारना 'किलऑल -क्यू'. मग ते खरंच गेलेत का हे पाव सेकंदाच्या अंतराने बघायचं, पण वीसच वेळा. पाच सेकंदांत न गेलेल्याला सिग्नल ९, म्हणजे सक्तीने मारणं. ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण बऱ्याच जणांच्या लूपला अंतच नसतो. एखादा पॉलीबार अडकून बसला की नवी पट्टी कधीच येत नाही. माझ्या हवामानाच्या मॉड्यूलमध्ये इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या 'कर्ल' ला वेळेची मर्यादा दिलेली नव्हती, तीही याच फेरीत 'मॅक्स-टाइम' घालून दिली.

त्यानंतर 'पॉलीबार --लिस्ट-मॉनिटर्स' कडून यादी घ्यायची आणि कोलनच्या आधीचं नाव कापून लूप चालवायचा. मॉनिटरची नावं हाताने लिहू नका. इंटेलचा जुना ड्रायव्हर 'ईडीपी१' म्हणतो, मोडसेटिंग ड्रायव्हर 'ईडीपी-१', आणि डॉकमधल्या पोर्टवर 'डीपी-२' च्या मागे अजून शेपूट लागतं. ड्रायव्हर बदलला की एका डॅशपायी पट्टी जाते. प्रत्येक पट्टीचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये, मॉनिटरच्या नावाने. त्यात तारीख-वेळ टाकणारी एक ओळ मी आधी लिहितो, म्हणजे स्क्रिप्ट किती वेळा चालली ते मोजता येतं.

दारांचं म्हणाल तर 'स्क्रीनचेंज-रीलोड' बंद. 'एक्झेक_ऑलवेज' ठेवला. पोस्टस्विचमध्ये आता स्क्रिप्ट थेट न चालवता 'आयथ्री-एमएसजी एक्झेक' करून आयथ्रीला चालवायला सांगतो. कारण ऑटोरँडआर सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिसमधून धावतो, आणि सर्व्हिस संपली की तिच्यातून जन्मलेल्या उरल्यासुरल्या प्रोसेस झाडून टाकणं ही सिस्टमडीची मूळ वागणूक आहे. सर्व्हिसच्या फाइलमध्ये 'किलमोड' वेगळा दिला असेल तर वाचतात, नाहीतर पट्टी येते आणि क्षणात जाते. आयथ्रीमार्फत उठवली की तो प्रश्नच उरत नाही.

तपासायला गुरुवारची वाट बघायची गरज नाही. मॉनिटरची केबल पाच सेकंदांत तीन वेळा काढा-घाला. लॉगमधल्या तारखेच्या ओळींवरून स्क्रिप्ट किती वेळा चालली ते दिसेल, आणि शेवटी पॉलीबारची संख्या जोडलेल्या पडद्यांइतकीच असावी.

पट्टी आली, पण तिच्यात काहीतरी नाही

ट्रेचे, म्हणजे मागे चालू असलेल्या प्रोग्रॅमचे छोटे, आयकॉन दोन्ही पट्ट्यांवर हवेत असं वाटत असेल तर विसरा. एक्स ११, म्हणजे आयथ्री ज्यावर चालतो त्या डिस्प्ले पद्धतीत, ट्रेची मालकी एका वेळी एकाच प्रोसेसकडे असते. दोन पट्ट्यांनी मागितली तर एकीला मिळते आणि दुसरीच्या लॉगमध्ये 'ती आधीच कोणाकडे तरी आहे' अशी नोंद पडते. कोणाला मिळेल हे आधी कोण उठलं यावर, म्हणून आयकॉन कधी इकडे तर कधी तिकडे. मुख्य पडद्यासाठी ट्रे असलेली पट्टी आणि बाकीच्यांसाठी ट्रे नसलेली, अशा दोन पट्ट्या कॉन्फिगमध्येच लिहा. २०२३ मधल्या पॉलीबार ३.७ पासून ट्रे हे पट्टीचं सेटिंग न राहता वेगळं मॉड्यूल झालं आहे, त्यामुळे हे आता सोपं आहे.

तापमान. एके दिवशी माझा प्रोसेसर मे महिन्यातल्या दुपारी व्हिडिओ कॉल चालू असताना छत्तीस अंशांवर होता. आनंद झाला, मग शंका आली. पॉलीबार प्रोसेसरचं नाही, एसएसडीचं तापमान दाखवत होता. कर्नल ज्या 'एचडब्ल्यूमॉन' डिरेक्टरीत तापमान देतो तिच्याखालचे नंबर हे ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होतात त्या क्रमाने मिळतात. काल 'एचडब्ल्यूमॉन४' प्रोसेसर होता, आज तो नंबर दुसऱ्याला गेला. म्हणून कॉन्फिगमध्ये नंबर असलेला पत्ता लिहूच नये. लाँच स्क्रिप्टमध्ये प्रत्येक डिरेक्टरीतली 'नेम' फाइल वाचायची, इंटेलवर 'कोअरटेम्प' किंवा एएमडीवर 'के१०टेम्प' मिळालं की तो पत्ता एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवायचा आणि पॉलीबारने तिथून घ्यायचा. आत ४७००० असं दिसलं तर घाबरू नका, तो अंशाच्या हजाराव्या भागातला आकडा आहे, म्हणजे ४७. आयथ्रीस्टेटस (आयथ्रीबारला मजकूर पुरवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याला पत्त्यात तारांकन चालतं, स्क्रिप्टची गरज नाही.

बॅटरीचं नाव 'बॅट०' की 'बॅट१' हे 'पॉवर_सप्लाय' डिरेक्टरीत बघून घ्या. नेटवर्कसाठी कार्डाचं नाव देण्याऐवजी 'इंटरफेस-टाइप' द्या, पॉलीबार ३.६ पासून चालतं.

आयकॉनच्या जागी चौकोन किंवा चिनी अक्षरं आली असतील तर फॉन्ट अपडेट झालाय. नर्ड फॉन्ट्सच्या (आयकॉन भरलेल्या फॉन्टच्या संचाच्या) २०२३ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत मटेरियल डिझाइनच्या आयकॉनचे जुने कोड काढून नव्या जागी नेले. जुन्या कोडांपैकी काही मुळात चिनी अक्षरांच्या हद्दीत घुसलेले होते. आता त्या जागी खरं अक्षर दिसतं. माझ्या आवाजाच्या आयकॉनच्या जागी आलेलं अक्षर शोधून पाहिलं, त्याचा अर्थ निघाला 'थडगं'. कॉन्फिगमधले आयकॉन नव्या कोडांनी बदलणं हाच उपाय.

आणि मराठी. पट्टीवर वार मराठीत यावा ही हौस मलाही होती. पॉलीबारच्या 'लोकेल' मध्ये मराठी दिलं, देवनागरी फॉन्ट दिला, आणि शनिवार उजाडला. 'नि' ची वेलांटी 'न' च्या आधी न येता त्याच्या मागे, 'व' च्या डोक्यावर जाऊन बसली. शुक्रवारचा 'क्र' सुटून पाय मोडलेला 'क' आणि वेगळा 'र' झाला. फॉन्ट बदलून उपयोग नाही, मी चार बदलले. पॉलीबार एकेक अक्षर उचलून ओळीने मांडतो, जोडाक्षरं आणि वेलांट्या यांची जुळणी करणारा टप्पाच त्याच्यात नाही. आयथ्रीबार पँगो ही नेमकी तीच जुळणी करणारी लायब्ररी वापरतो, वेलँडवरची वेबार ही पट्टी जीटीकेवर चालते म्हणून तिच्यामागेही पँगोच. दोन्हीकडे देवनागरी नीट उमटते. मी पॉलीबार वर ठेवला आणि खाली आयथ्रीबारची एक बारीक पट्टी लावली, 'बार' चा तोच ब्लॉक परत आणून, या वेळी जाणूनबुजून. आयथ्रीस्टेटसच्या 'टीझेडटाइम' मध्ये 'लोकेल' चा पर्याय आहे, त्यात मराठी दिलं. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर सध्याही दोन पट्ट्याच आहेत, पण खालचीवर आज 'गुरुवार' स्वच्छ दिसतंय, आणि बाहेरचा मॉनिटर अकरापासून काळाच आहे.